कुमुदच्या माहेरची होडी

ऐका रे, जवळ सरा. त्या कांदळवनाकडे पाठ नको, इकडे तोंड करून बसा. हां.

आपल्या खाडीकाठी भार्गव शिंपी राहायचा. त्याची बायको कुमुद पलीकडच्या तीरावरची. लग्न होऊन आली ती बापाच्या होडीतून. पुढे बाप गेला, होडी इकडेच चिखलात कुजत पडली. कुमुद म्हणायची, "अहो, तेवढी होडी नीट करा ना. एकदा होडीनं माहेरी जाऊ." हा म्हणायचा, "गणपतीचे कपडे शिवून होऊ देत." मग दिवाळी. मग लग्नसराई. असं करता करता कुमुदच गेली! तापाचं निमित्त झालं न् गेली.

मग यानं होडी बाहेर काढली. आता शिंप्याला कुठलं आलंय सुतारकाम? जोडीला दाऊदभाई, एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. दोघेही नवशिके! एकानं फळी कापावी, दुसऱ्यानं ती आखूड झाली म्हणून भांडावं. पहिल्यांदा पाण्यात घातली तर नुसती चाळण! पुन्हा वर ओढली. फटींत कापूस ठासला, राळ न् तेल चोपडलं. अख्खा उन्हाळा त्यात गेला. आणि एका संध्याकाळी होडी तरंगली!

दाऊदभाई म्हणाला, "उद्या सकाळी जाऊ. दोघं जाऊ."

"हो हो," म्हणाला भार्गव. पण दाऊदभाईची पाठ वळली, अंधार पडला, आणि याला काही धीर निघेना. एकटाच निघाला. तेही कुठून? थेट कांदळवनातल्या चिंचोळ्या वाटेनं! तिथं गिऱ्हा असतो, पाण्यातलं भूत, हे पोराटोरांना ठाऊक. याला ठाऊक नव्हतं? होतं. पण जवळची वाट ना ती!

आधी पुढं दिवा दिसला. याला वाटलं, पलीकडचा तीर. वल्हवतोय, वल्हवतोय, दिवा तेवढाच लांब! मग वास आला. सुरंगीच्या फुलांचा! कुमुद माळायची ती. आणि मग होडीचं नाक खाली दबलं. कुणीतरी समोर येऊन बसावं, तसं.

"अहो."

भार्गवचं वल्हं थांबलं.

"छान झाली हो होडी."

आता मला सांगा, त्याला कळलं नसेल? कळलं! ही कुमुद नव्हे, हे त्याला पुरतं कळलं. पण आवाज तिचाच होता ना! तो म्हणाला, "बोल. बोलत राहा." आणि वल्हवू लागला.

"डावीकडं घ्या. पुढं चला." डावीकडं म्हणजे खाडीचं तोंड, पुढं उघडा समुद्र! ओहोटी लागलेली, होडी ओढली जातेय, तळातल्या फटीतून पाणी येतंय. पाणी घोट्यापर्यंत. पाणी पोटऱ्यांपर्यंत. "असू दे हो पाणी. हात द्या इकडं." यानं हात दिला. गार! माशासारखा गार हात. तरी सोडला नाही. म्हणाला, "कुमुद, मी फार उशीर केला गं. रागावली नाहीस ना?"

"नाही हो. मुळीच नाही."

बस्स! तिथंच भार्गव भानावर आला. अरे, कुमुद आणि रागावणार नाही? तिनं आधी चांगलं फैलावर घेतलं असतं, मग डोळे पुसले असते!

त्यानं हात हिसडला. सुटेना! वल्ह्याचा दांडा हाणला, तेव्हा सुटला. होडी गरागरा फिरली. काळोखात काठ कुठला न् पाणी कुठलं! तेवढ्यात लांबून खरखरीत आवाज आला, "भार्गव! अरे मूर्खा! कुठं मेलास?" दाऊदभाई! होडी जागेवर नाही बघून कंदील घेऊन चिखलात उतरला होता. त्या शिव्यांच्या रोखानं यानं होडी वल्हवली. काठाला लागेस्तोवर अर्धी बुडाली होती. दाऊदभाईनं बखोटीला धरून वर ओढला.

पुढं दोघांनी होडी पुन्हा दुरुस्त केली आणि भरदिवसा, भरतीच्या मोठ्या पाण्यानं, कुमुदच्या माहेरी जाऊन आले.

मी एकदा भार्गवला विचारलं होतं, "घाबरलास का रे?" म्हणाला, "भीती होतीच. पण मागं फिरताना ती रडत होती रे. आवाज तिचाच होता."

म्हणून सांगतो पोरांनो, दिवे लागल्यावर त्या चिंचोळ्या वाटेनं जायचं नाही. कधीच नाही. तिथून परक्याची हाक येत नाही. आपल्याच माणसाची येते.

चला, उठा आता. घरी जा. आणि दाराबाहेरून कुणी हाक मारली, तर आधी दिवा लावून तोंड बघा.