परसातलं तुलनात्मक मानसशास्त्र

...आणि वर मलाच विचारतात, "वत्सला, उंडे संपले कसे?" कसे संपले! तुम्हाला सांगते, सकाळी दारात पाववाल्या पोदेराची सायकल वाजली की पाव-उंडे मी घ्यायचे घरच्या माणसांसाठी, आणि खायचे कोणी? कावळ्यांनी! तेसुद्धा सरळ हातातून नाही, नारळाच्या करवंटीखाली लपवून. आमचे हे, म्हणजे प्रोफेसर दत्तप्रसाद परब, परसात उपड्या करवंट्या मांडून बसणार, मग शीळ घालणार, मग कावळा कुठली करवंटी उलटतो ते डोळे फाडून बघणार. अंगात तोच तो निळा शर्ट! धुवायला मागितला तर म्हणतात, "थांब, ते मला तोंडावरून ओळखतात की शर्टावरून, हे अजून ठरायचंय." मी हसले की लगेच बोट वर, "हसू नकोस, हे शास्त्र आहे!"

शास्त्राचं नाव तुलनात्मक मानसशास्त्र. म्हणजे जनावराच्या, पाखराच्या डोक्यात काय चालतं ते बघायचं आणि माणसाच्या डोक्याशी ताडून पाहायचं. पुण्याला जाऊन डॉक्टरेट केली हो त्यात! गावी हळर्णला परत आले तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या, "माणसाक पिशें लागल्यार दोतोर आसा, कावळ्याक कित्याक रे जाय?" म्हणजे वेड्या माणसाला डॉक्टर असतो, कावळ्याला कशाला हवा! पण सासूबाईंचं सोडा, कॉलेजात तरी कोण विचारतंय? प्राणिशास्त्रवाले म्हणतात, पाखरं आमची, तुम्ही हात लावू नका. मानसशास्त्रवाले म्हणतात, आम्ही माणसांचं बघतो, ही पिसं इथे नकोत. आणि मुलं? यंदा गोवा राज्य झालं, नव्या कचेऱ्या निघणार, नोकऱ्या लागणार, तिथे कावळ्याची ओळख सांगून कोण खुर्ची देणार? ऐच्छिक विषय तो, कोणाची इच्छाच होईना! हे मात्र रिकाम्या वर्गात जाऊन फळा पुसून यायचे. शप्पथ सांगते, ते ऐकून मला रडू यायचं... आणि घरी येऊन पुन्हा उंडे पळवायचे, की रडू कुठल्या कुठे!

तर अशात कळलं, हा विषय ठेवायचा की बंद करायचा ते ठरवायला युनिवर्सिटीची समिती घरी येणार, प्रयोग बघायला. आणि दिवस कुठला? भर म्हाळाचे दिवस! आता म्हाळाच्या दिवसांत गावात काय असतं? घरोघरी पितरांचं पान वाढायचं, बाहेर ठेवायचं, आणि कावळा शिवला की मगच घरच्यांनी घास घ्यायचा. आणि आमच्या गावचे कावळे होते कुठे? आमच्या परसात! रोज त्याच वेळी उंडे मिळतात म्हटल्यावर दुसरीकडे जातील कशाला? शास्त्र आहे ना!

समिती येऊन बसली. मुख्य शिवदाससर, जाड चष्मा, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. ह्यांनी करवंट्या मांडल्या, शीळ घातली, कावळे काजूवरून खाली उतरले, एक ऐटीत चालत करवंटीपाशी आला, मी देवाचं नाव घेतलं... आणि तेवढ्यात कुंपणाबाहेरून आरोळी! "गो वत्सला! दोनपार जाली, पानाक कावळो शिवना! तुज्या घोवान आख्ख्या वाड्याचे कावळे हांगा आणून बसयल्यात!" शेजारची रुक्मिणी! हातात पान, पानावर वडे, खीर, मागे भुकेनं तोंडं सुकलेलं अख्खं घरदार. आत येऊन तिनं पान टेकवलं जमिनीला, आणि तो शिकलेला, पढवलेला, शास्त्रशुद्ध कावळा करवंटी सोडून गेला की हो वड्यावर! रुक्मिणीनं तिथल्या तिथे ह्यांना नमस्कार ठोकला, "बरोच मंत्र आसा हां तुजो!" मंत्र! मला हसू आवरेना, आणि हे माझ्याकडे बघून डोळ्यांनीच, हसू नकोस, हे शास्त्र आहे!

समितीतल्या दुसऱ्या गृहस्थांनी खाकरून विचारलं, "तुम्ही ह्या कावळ्यांशी बोलता कोणत्या भाषेत? कोकणीत की मराठीत?" अहो, गोव्यात हे विचारायचं! यंदा राजभाषा कुठली ह्या एका प्रश्नावरून सख्ख्या भावाभावांचं बोलणं बंद झालंय, रुक्मिणीच्या घरातच दोन पक्ष! हे म्हणाले, "मी शीळ घालतो." वाचलो!

पण शिवदाससरांनी चष्मा काढला. "परब, परदेशातसुद्धा आता उंदीर गेले, कबुतरं गेली. सगळे मेंदू आणि कॉम्प्युटरच्या मागे. प्राण्यांना एक शास्त्र आहे, माणसाला एक आहे, मध्ये हा विषय कशाला?" आणि आमचे हे, जे कॉलेजात कोणापुढे ब्र काढत नाहीत, ते म्हणाले, "सर, मध्येच तर सगळं आहे. कावळा मला कसा ओळखतो हे विचारायला गेलो, तर मी माणसं कशी ओळखतो ह्याचंच कोडं पडलं. हे कोणी विचारायचंच नाही का?"  सरही जरा मऊ झाले. म्हणाले, "मान्य. पण विद्यार्थी कुठे आहे? एक तरी दाखवा, यंदापुरता ठेवतो." ह्यांची मान खाली. ते बघवेना मला, आणि हातात डाव तशीच घेऊन मी ओरडले, "मी आहे!"

आता म्हापशाला लग्नाआधी दोन वर्षं कॉलेज केलेलं, सायकॉलॉजी घेतलेली, ते असं अंगाशी येईल असं वाटलं होतं का? तेव्हापासून सकाळचं स्वयंपाकपाणी उरकून कॉलेजात जाते. वर्गात मी एकटी, आणि हे हजेरी घेतात, "वत्सला परब?" समोर बसलेय ना! पण शिकवताना चेहरा असा फुलतो... बोहल्यावरसुद्धा माणूस एवढा खूश नव्हता. मग मीही पेटले, दिवसरात्र वाचलं, माकडं, उंदीर, कबुतरं सगळं तोंडपाठ, पहिल्या वर्गात येणार म्हणजे येणार!

तर काल जेवताना हे ताटात बोट फिरवत म्हणतात, "वत्सला, राग मानू नकोस, पण तू पास झालीस तर पुढच्या वर्षी वर्गात कोण? जरा... नापास होशील?"

काय करणार! बसलेय आता, नापास व्हायचा अभ्यास करत!