देवीच्या कपाळावरची तामडी

मंडळी, आधी फक्त एक कड बघा. केसाएवढी. देवीच्या कपाळावर लाल खडा आहे, त्याच्या दोन पैलूंमधली. नव्या खड्याच्या कडेवर समईचा उजेड पडला की बारीक, सरळ रेघ चमकते. इथे ती रेघ पसरली आहे. कड झिजली आहे – बोटाला कळणार नाही, भिंगातून कळेल!

आता माझा प्रश्न ऐका. नकळत झालेली चूक नेमक्या कोणत्या दिवशी पाप होते?

गाव कातळवेढे, कोकणातलं. देवीला हा खडा वाहिला खोतांच्या आजींनी, माणिक म्हणून. तपासला वामनशेट पोतदारांनी. तेव्हा पंचविशीचे होते. रंग पाहिला, पाण्यात तोलला आणि देवळात उभं राहून सांगितलं, "अस्सल माणिक!" स्वतःच्या हातांनी कोंदणात बसवला. याला झाली एकतीस वर्षं.

यंदा खोतांचे नातू दाजीसाहेब शहरातून रत्नपारखी घेऊन आले. त्याने खडा पाहिला. म्हणाला, "ही तामडी आहे. माणकासारखा दिसणारा स्वस्त खडा."

काय फरक असतो हो दोहोंत? रंग सारखा. पाण्यात तोला – वजनही जवळजवळ तेवढंच. तिथेच तर वामनशेट फसले! पण माणकात शिरलेला प्रकाश दुभंगतो. खास भिंगातून लाल रंगाच्या दोन छटा दिसतात. तामडीत एकच. आणि कठीणपणा? हिऱ्याखालोखाल माणिक. तामडी जेमतेम गारगोटीइतकी. आपल्या घरातल्या धुळीतही गारगोटीचेच बारीक कण असतात. त्या धुळीने माणकाचं काही बिघडत नाही. तामडी मात्र रोज पुसा, वर्षानुवर्षं पुसा – झिजते!

(पेटीवाले काका, अंगठी लपवू नका. मी तपासणार नाहीये!)

तर रोज देवीचं कपाळ कोण पुसायचं? राहीबाई गुरव. विधवा बाई. देवळामागच्या दोन खोल्यांत राहते, देवीच्या सेवेवर जगते.

सभा भरली.

"गेल्या वर्षी देवळाची फरशी बदलली, तेव्हा देवी महिनाभर तुझ्याच घरी होती ना गो?" दाजीसाहेबांनी विचारलं.

"होती."

"मग माणिक गेलं कुठे?"

"मी देवीला पुसलं, लुटलं नाही! एकतीस वर्षं हात लावते आहे. चोरायचंच असतं तर म्हातारपणापर्यंत थांबले असते का?"

कोणीतरी हसलं. दाजीसाहेब हसले नाहीत. "सोमवारपर्यंत खोल्या रिकाम्या कर."

आता तुम्ही सांगा मंडळी – वर्षभरापूर्वी बदललेल्या खड्याची कड इतकी झिजेल? नाही! पण सभेत हे एकाच माणसाला कळत होतं. कोपऱ्यात बसलेल्या वामनशेटना.

दर नवरात्राआधी देवीचे दागिने उजळायला त्यांच्याकडे यायचे. नवव्या वर्षी भिंगातून त्यांना कड बोथट दिसली. त्यांचा हात थांबला. माणिक असं झिजत नाही! तेव्हाच त्यांना सगळं समजलं. घरी बायकोला म्हणाले, "पुढच्या वर्षी सांगतो." पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीचं लग्न होतं. त्याच्या पुढच्या वर्षी नवं दुकान. मग गावाने त्यांचा सत्कार केला – सत्काराच्या शालीतून कसं सांगणार हो? अशी बावीस वर्षं गेली.

पहिल्या दिवशी ते चुकले होते. तपासण्यात कमी पडले, एवढंच. पण त्या नवव्या वर्षाच्या भिंगानंतर? ती चूक राहिली का?

हसू नका, आणि त्यांच्याकडे बोटही दाखवू नका. मी स्वतःला विचारून बसले आहे, म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्याही ओठांमागे असं एखादं वाक्य अडलं आहे ना? कोणत्या सणानंतर बोलायचं ठरवलं होतं? आणि तोवर त्याचं ओझं कोण वाहतं आहे – तुम्ही, की दुसरंच कोणी?

राहीबाई उठली. कमरेची देवळाची किल्ली सोडली आणि दाजीसाहेबांसमोर ठेवली. दाराकडे वळली.

"राहीबाई, थांबा."

वामनशेट उभे राहिले होते. डोक्यावरची टोपी त्यांनी हातात घेतली.

"किल्ली उचला. खडा कोणी बदललेला नाही. मी बसवला तेव्हाही ती तामडीच होती. आणि मला हे बावीस वर्षं माहीत आहे."