पुढल्या वर्षाची घरमालकीण

(शहाद्याजवळचं प्रकाशा गाव. घराची पुढची खोली. शिलाई मशीनवर लॅपटॉप. त्यासमोर रुचिका, शेजारी तिचे वडील हिलाल गुरुजी. खाली बसून आई कमलबाई ब्लाउजला हुक लावते आहे.)

हिलाल : तुझ्या शहाद्याच्या कर सल्लागाराच्या ऑफिसातून टॅक्सचं सॉफ्टवेअर आणायला लावलं ते याचसाठी. पुढच्या मे महिन्यात मी सेवानिवृत्त. पुढल्या वर्षाचा कर आत्ताच बसवून टाक. माणसाला दूरदृष्टी पाहिजे.

रुचिका : बसवते, अप्पा. मेनंतर पेन्शन. आणखी काही उत्पन्न?

हिलाल : लिही. भाडे, महिना तीन हजार. ही खोली भूपेशकाकाला खताच्या दुकानासाठी देतोय.

कमलबाई : हाई खोली? आनि मन्हं मशीन?

हिलाल : मशीन मांगे रांधनीमा ठेव. तुले काय, कोठेबी शिवता येस.

कमलबाई : मांगे उजेड नही. सुईमा दोरा जात नही. आनि बाया माप द्याले रांधनीमा येतीन का?

हिलाल : भूपेशले मी शबद दिधा शे. तू लिही, बेटा.

रुचिका : लिहिते. पण हे विचारतंय, घर कोणाच्या नावावर?

हिलाल : आईच्या. बाईच्या नावावर घेतलं की घरकर्जाचं व्याज कमी लागतं. दूरदृष्टी!

रुचिका : मग खोलीचं भाडं आईचं. तुमच्या रकान्यात बसत नाही. आणि थांबा, मागच्या वर्षीची माहिती आपोआप पुढं आलीय. अप्पा, तुम्ही आईला महिना आठ हजार भाडं देता?

कमलबाई : कोन देस? कोनले?

हिलाल : ते कागदावरचं भाडं असतं. घरभाडे भत्त्यावर कर लागू नये म्हणून.

रुचिका : आठ वर्षं झाली. हे बघ आई, दर पावतीवर तुझी सही.

कमलबाई : तुम्ही तर बोलनात, शाळाना कागद शे, सही कर. मी करी दिधी.

हिलाल : आता निवृत्तीनंतर भत्ता नाही, म्हणजे पावतीही नाही. विषय संपला.

रुचिका : संपला कुठं? करारनामा जोडलाय. तुमचंच अक्षर, अप्पा. कलम सात : 'भाडेकरू सदर जागेचा कोणताही भाग तिसऱ्या इसमास देणार नाही.'

हिलाल : ते एका नमुन्यावरून उतरवलं होतं.

कमलबाई : भाडेकरू कोन?

रुचिका : अप्पा.

कमलबाई : मंग लावा भूपेशभाऊले फोन. सांगा, घरमालकीण नही म्हनस.

हिलाल : फाडी टाकस मी तो करार!

रुचिका : फाडा. मग आईच्या घरात बिनकराराचे राहाल.

हिलाल : तू कोना बाजूनी शे, रुचिका?

रुचिका : मी फक्त रकाने भरतेय. खोलीचं भाडं शून्य करू?

हिलाल : कर. शून्य कर. आते तरी खुश ना? का आठ वरीसनं भाडंबी पाहिजे?

कमलबाई : भाडं नको. अर्धं गाव तुमनाकडे वाचाले शिकनं. मले तेवढी सही शिकाडी. तीबी घर लिधं तवय. मास्तरनी बायकोना अंगठा चांगला दिसाव नही म्हनीसन.

हिलाल : तू कव्हय बोलनीच नही.

कमलबाई : तुम्ही कव्हय इचारं? वाईट वाटनं मले. आठ वरीस तुमनावर भरोसा ठेईसन सही करी. आते वाचता येवापावत कोठेच सही करनार नही.

रुचिका : अप्पा, पेन्शनच्या कागदांवर आईच्या सह्या लागतात.

हिलाल : लागतीन. मले माहीत शे.

रुचिका : मग?

हिलाल : मंग काय... घरमा खडू शे का?

कमलबाई : कापडवर खुना कराना शे. हाऊ घ्या. पन मन्हं नाव लिखू नका. तेवढं येस मले.