टाकीच्या झाकणावरचं भस्म

गॅरेजच्या बाकावर स्कूटरसाठी ताटकळलेल्या तात्यारावांचे कान शेजारच्या जोडप्याकडं लागले होते.

“नीलम्मा, अ‍ॅम्बॅसिडरचा पंप बदलला, कार्बोरेटर धुतला, तरी पोखर्णीजवळ बंद पडायचीच. का, सांगू?”

“का वं?”

“टाकीच्या झाकणाला हवेचं बारीक भोक असतंय. दसऱ्याच्या पूजेत तू भस्म थापून ते बुजवलंस. हवा आत जाईना, मग पेट्रोल पुढं येईल कसं? मिस्त्रीनं आज मोकळं केलं.”

“अगं बया! म्हणजे आता पोखर्णीला थांबायची न्हाई?”

“अजिबात न्हाई!”

“दोन वर्सं माहेरी नेलं न्हवतं तुमी. दसऱ्यापासून गाडी बंद पडली म्हणून चारदा पोखर्णीत आईकडं जेवलो. तुमालाबी तिचे धपाटे लय आवडायलेत.”

“…नीलम्मा.”

“काय?”

“भस्माची डबी हाय का पिशवीत?”