बसच्या सीटवरनं सायकलच्या सीटवर

माझं गाव नेवासा तालुक्यातलं, घरची शेती, आमी चार भाऊ, मी धाकटा, शेतीत माझं मन रमलं न्हाई अन् वडलांचं माझ्याशी जमलं न्हाई, म्हनून ड्रायव्हर झालो. बत्तीस वर्षं पासिंजरची लाल गाडी हाकली, अकोल्याला गेलो, भंडारदऱ्याला मुक्कामी गेलो, शेवटची बारा वर्षं तर रात्री शिर्डीला मुक्काम अन् सकाळची पहिली गाडी नगरला. आता तुमी लिहून घेताय म्हनून सांगतो, अपघात एकबी न्हाई. हॉर्न मात्र लई मारला. सायकलवाला दिसला की त्यो माझ्याच रस्त्यावर आलाय असं वाटायचं, लांबनंच सुरू करायचो, त्यो मातीत उतरंस्तोवर सोडायचो न्हाई.

रिटायर झालो अन् शुगर निघाली. डॉक्टर म्हनले चाला, तर चालाया लागलो तवर कोरोना आला अन् सगळंच बंद. मंग जरा ढील मिळाली, सकाळी नवापर्यंत व्यायामाला सोडायचे, तवा डॉक्टर म्हनले आता हलला न्हाईत तर रोज पोटात सुई. सुईला मी लई भितो, काय सांगू तुमाला, घाटात बस उलटी चालवाया सांगा, चालवीन, पन सुई नको. मंडळी म्हनली हितं नगरातच, सावेडीत, सायकलवाल्यांचा क्लब हाय, तिथं जा. एकट्यानं जानार न्हाईत तुमी, दोन दिवसांत कट्ट्यावर बसाल. खरं हुतं तिचं.

क्लबच्या प्रमुख देशपांडे मॅडम, शाळेत गनित शिकवायच्या. वय माझ्या लेकीएवढं, पन नजर अशी की मी उभ्याउभ्या पाढे म्हनले असते. पहिल्याच दिवशी नेम वाचून दाखवले. एका तुकडीत पाच जन, दोघांत दहा हात अंतर, डोक्याला हेल्मेट, तोंडाला मास्क, एकामागं एक चालायचं, आपलं पानी आपन प्यायचं, चहाला थांबायचं न्हाई. तीन चुका झाल्या की नाव कट. मी म्हनलं चहाला थांबायचं न्हाई तर मंग जायचं कशाला. मॅडम म्हनल्या, काका, ही मी चूक धरत नाही, पण लक्षात ठेवते.

पहिली चूक त्याच दिवशी झाली. डावीकडं वळायचं हुतं तर मी आधी पार उजवीकडं गेलो, दुभाजकापर्यंत, अन् मंग वळलो. अहो, मागं छत्तीस फूट गाडी हाय हेच डोक्यात, मागचं चाक फुटपाथवर चढाया नको. मागच्या रिक्षावाल्यानं काय म्हनलं ते लिहू नका.

दुसरी चूक राहुरी रस्त्याच्या बसथांब्यावर. गाड्या बंद हुत्या तरी एक आजी पिशवी घिऊन हुभी हुती, माझे पाय आपोआप थांबले, हात दाखवला न्हाई, इशारा न्हाई, मागचे चौघं माझ्यावर येऊन आदळले, अंतर गेलं खड्ड्यात. आजी म्हनली राहुरी का? मी म्हनलं फुल हाय, मागनं दुसरी येतीय. सवय हो, दुसरं काय. मॅडम म्हनल्या, काका, आता एकच राहिली.

मंग मी सरळ झालो. कडंनं चालवायचो, हात दाखवायचो. तरीबी एका सकाळी विळद घाटात मागनं एक ट्रक हॉर्न मारीत आला, इतका चिकटून की मी डांबरावरनं खाली उतरलो अन् मातीत आडवा, कोपर सोललं. मॅडम धावत आल्या. मी पडल्यापडल्या त्यांना म्हनलं, ह्याच घाटात मी एका दूधवाल्याला बारा वर्षं असंच उतरवलं हो. खालच्या फाट्यावरनं दोन कॅन लावून त्यो नागापूरच्या कंपन्यांकडं चढायचा अन् मागनं माझी गाडी. एकदा कॅन उलटला, दूध सांडलेलं मी आरशात पाह्यलं, अन् मी अन् कंडक्टर हसलो. मला लई लाज वाटली सांगताना.

पुढच्या फेरीला मॅडमनी मुद्दाम तुकडी त्या फाट्याला नेली. दूधवाला तिथंच सायकलला कॅन बांधीत हुता. मी दहा हातांवर हुभा राहून म्हनलं, मामा, शिर्डीच्या पहिल्या गाडीचा ड्रायव्हर तो मीच, चुकलो. त्यानं कॅनची दोरी आवळली अन् म्हनला, हॉर्न वळखतो तुमचा, तोंड कधी दिसलं न्हाई. मास्क काढा.

मी मॅडमकडं पाह्यलं. नाव कट म्हंजी सुई. तरी काढला.

त्यो नीट निरखून म्हनला, मी बारा वर्षं रोज शिव्या दिल्या, एक मानूस डोळ्यापुढं आनून, ह्या एवढ्या मिशा, लाल डोळे. तुमी तर आमच्या मेव्हन्यासारखे निघालात. आता शिव्या द्यायच्या कुनाला? मला हसूबी आलं अन् रडूबी.

मॅडमनी वही काढली. म्हनल्या, काका, तुमचं बरोबर होतं, पण नियम नियम. महिनाभर नाव कट केलं, बाई खरंच शब्दाची पक्की.

एकट्यानं तर मी जानारा न्हाई. मंग त्या महिन्यात रोज सकाळी फाट्यावर जायचो अन् मामांच्या मागं दहा हात सोडून घाट चढायचो. महिना सरला, क्लबनं परत घेतलं, कोरोनाबी गेला, शुगर डॉक्टरला आवडंल एवढी हाय, सुई टळली. पन आयतवार क्लबचा अन् बाकीचे दिवस मामांचे, ते काय सुटलं न्हाई. अजूनबी घाटात मागनं हॉर्न आला की मामा घाबरून खाली उतराया बघत्यात. मी मागनं म्हनतो, उतरू नका मामा, चाला तुमी, मी हाय मागं.