वखारीतली विभूती

दुपारचे चार वाजले होते. येडशी स्टेशनामागं सिद्धेश्वरअप्पांची रिकामी वखार, दार सताड उघडं, आणि उंबऱ्यावर आडवा पाय टाकून एक म्हातारी घोरत होती. हे असं सरळ सांगतो, कारण एवढ्या सरळ गोष्टीचं ज्यांनी वाकडं केलं, ते अजून मला सापडायचेत! आयुष्य घातलं हो वर्तमानपत्रात. हैद्राबाद झालं, सोलापूर झालं, दोन छापखाने सरकारनं माझ्या नाकासमोर बंद केले, पण असं... नाही, क्रमानं सांगतो. तुम्ही मध्ये बोलू नका.

त्याचं असं झालं की स्टेशनावर चहा घेत होतो आणि शेजारी कुणीतरी म्हणालं, ''सरकारी मदरसा सुटला की कापसाच्या जिनातल्या बाया आपली पोरं त्या रुद्रम्माकडं कोंडत्यात. म्हातारी झोपा काढती, पोरं उपाशी मरत्यात.'' झालं! माझं डोकं फिरलं. बाया भोंगा होईपर्यंत सरकी वेचतायत आणि इकडं लेकरांचे हे हाल? कप तसाच ठेवला आणि निघालो. आता मला सांगा, वार्ताहरानं विचारायचं नाही तर काय करायचं? मी फक्त विचारायला गेलो हो!

उंबऱ्यावरचा पाय हळूच ओलांडायला गेलो आणि त्यातच अडकून तोंडावर पडलो. म्हातारी डोळे न उघडता म्हणते, ''कुणाचं पोर रं?''

''पोर नाही बाई, मी वार्ताहर आहे.''

''आईचं नाव सांग.''

''माझी आई वारली.''

तेव्हा डोळे उघडले तिनं. माझे पिकलेले केस बघितले, टोपी बघितली, आणि म्हणाली, ''अगं माय... मग जेवलास का न्हाय?''

आणि मी आलो होतो जाब विचारायला! त्यात मागून पोरांचं खिदळणं. तो पाय उंबऱ्यावर का, ते तेव्हा कळलं. एकही पोर तिला न जागवता रुळांकडं जाऊ शकत नव्हतं. मी एवढा मोठा, मलाही तो ओलांडता आला नाही! तरी मी तक्रारी शोधल्या, बरं का. पाण्याला एकच घागर. म्हातारी मिश्री लावते आणि तोंडात मिश्री असताना गाणं शिकवते, त्यामुळं सगळी पोरं ते गाणं तोंडात काहीतरी धरल्यासारखं म्हणतात. आणि ओरडणं तर असं की मालगाडी थांबावी. हे सगळं मी लिहिणार होतो. पण मग कपाळं दिसली.

सगळ्या पोरांच्या कपाळाला विभूती. रुद्रम्मा लिंगायत, तिनं स्वतः लावली तर लावली, पण जिनातल्या धुरपदाबाईच्या बळभीमलाही? रेल्वेतल्या पॉइंट्समन दस्तगीरच्या मुलीलाही? म्हटलं, ''बाई, हे काय चाललंय?'' मी फक्त विचारलं हो!

''खाल्लं की लावते,'' ती म्हणाली. ''न्हायतर ही गुलाम दोनदा खात्यात आन् लाजाळू तशीच बसत्यात. आयाबी घरी नेताना कपाळ बघत्यात. पांढरं असलं की घोर न्हाय.''

एवढ्यात माझ्यासमोर तो बळभीम, सहा वर्षांचा असेल, सदऱ्याच्या टोकानं कपाळ साफ करून पुन्हा रांगेत! आणि म्हातारीनं त्याला पुन्हा चतकोर भाकरी दिली, पुन्हा विभूती ओढली. मी म्हटलं, ''अहो, फसवतोय तो तुम्हाला!'' तर माझ्याकडं अशी बघते, जणू मीच कपाळ पुसून आलोय. ''पुसू दे की. ज्याची भूक ऱ्हायली, त्योच पुसतो.''

मी वही खिशात घातली. काय लिहिणार, सांगा!

दस्तगीरला गाठलं, म्हटलं तुझी काही हरकत? तो हसला. ''हरकत कायकू साहेब? छोकरी घरकू आई की उसकी माँ पहले माथा देखती. राख दिखी तो समझती, पेट भरा.'' घरी गेल्यावर तोंड धुतात, जेवतात, संपलं. बापाला चालतं, आईला चालतं. पण कुणाला तरी चाललं नाही! कुणी तरी जाऊन पोलीस चौकीतल्या अमीनसाहेबांच्या कानात सांगितलं की वखारीत पोरांचा धर्म बदलतात, बिनपरवानगीचा मदरसा, म्हणजे शाळा, भरवतात. कोण तो कुणीतरी? नाव नाही, गाव नाही.

दुसऱ्या दिवशी अमीनसाहेब दोन जवान घेऊन हजर. ''बुढिया, मदरसा चलाती?''

''न्हाय सायेब, मला कुठं अक्षर येतंय?''

''फिर गाना कौन सिखाता? गाना सिखाया तो मदरसा. सब को बिठाके बोली तो जलसा. और घुमाने को निकली तो जुलूस. इजाजत किसकी?''

म्हणजे बघा! पोरं शिकली तर मदरसा, बसली तर जलसा म्हणजे सभा, चालली तर जुलूस. मग पोरांनी करायचं काय, लोंबकळायचं? माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, ''साहेब, लेकराला भाकरी द्यायला कोणत्या कायद्यानं परवाना लागतो?''

''ये कौन बोला?''

मी फक्त विचारलं हो! ''ऊपर पूछेंगे,'' म्हणाले आणि गेले.

तिसऱ्या दिवशी वखारीला कुलूप. पितळी, नारळाएवढं. पोरं दारात, रुद्रम्मा पायरीवर, आणि पोरंही तिच्याजवळ बसू लागली तर जवान म्हणतो उठा, रस्त्यावर जमाव नको.

मी अमीनसाहेबांकडं गेलो. ''हमारा ताला नहीं. हमारे पास इतना बडा ताला होता तो चौकी को नहीं लगाते?'' तहसिलीत गेलो. कारकून पान लावत म्हणतो, आमच्याकडून असा हुकूम नाही. सिद्धेश्वरअप्पांकडं गेलो, वखार त्यांची ना? तर हात जोडतात, ''वार्ताहरसाहेब, म्या लावलं असतं तर किल्ली माझ्याजवळ नसती व्हय?''

''मग तोडा!''

''दुसऱ्याचं कुलूप? आन् त्यो म्हणाला चोरी केली तर?''

''अहो, वखार तुमची!''

''वखार माझी. कुलूप न्हाय.''

पुन्हा अमीनसाहेबांकडं. ''जिसका ताला, उसको बोलो. वो खोलेगा.'' कुणाचं आहे? ''वो जिसका है उसको पूछो.'' डोकं आपटायचं बाकी राहिलं माझं!

इकडं भोंगा काही कुणासाठी थांबतो? धुरपदाबाई बळभीमचा हात धरून जिनाच्या फाटकात उभी. मुकादम म्हणतो, ''आत पट्टे फिरत्यात, पोर न्हाय चालायचं. तू ये, न्हायतर दुसरी बाई घेतो.'' खरंच आहे, पट्ट्यात पोर कसं न्यायचं? तिनं त्याला मालडब्यांच्या बाजूला भिंतीशी बसवलं, फडक्यात भाकरी दिली, आणि मला म्हणाली, ''दादा, तुमी शिकल्यालं हाव. तुमी इचारा की कुणालातरी.''

विचारतोच आहे, बाई! दुसरं करतोय काय?

संध्याकाळी सुटल्यावर तिनं पोराला विचारलं, ''जेवलास का रं?'' तो म्हणाला, ''व्हय.'' तिनं सवयीनं कपाळ बघितलं. कपाळ कोरं. मग फडकं झटकून बघितलं, तेही कोरं. पण भाकरी यानं खाल्ली, का स्टेशनावरच्या कुत्र्यानं, ते ती कशावरून ओळखणार? उचलून कडेवर घेतलं तिनं, एवढं मोठं पोर.

मी बातमी पाठवली. संपादकांनी कळवलं, कुलूप कोणाचं ते लिहा, मग छापू. बरोबर आहे त्यांचं! बातमीत कर्ता पाहिजे.

म्हणून रोज जातो बघायला. वखारीकडं फिरकत कुणी नाही, कुलूप कबूल कुणी करत नाही. आणि काल हात लावून पाहिलं, तर त्या कुलपाला ताजं तेल घातलेलं होतं.