येशूच्या आजीचं बिऱ्हाड

रेगुला : मी म्हणते, राहू द्या ना! झुरिकमधल्या सगळ्या चर्चमधल्या मूर्ती गावच्या न्हाणीघराच्या भट्टीत चालल्यात, त्यात या चर्चमधली आणखी एक.

हाइनी : आणखी एक? अगं, आई आहे ती माझी!

रेगुला : ती येशूची आजी आहे. संत ॲना. खाली नाव कोरलंय.

हाइनी : नाव ॲनाचं. पण नाक कुणाचं? भुवया कुणाच्या? आई गेली, मागे तिचं दुसरं चित्र नाही की काही नाही. नगरसभेचा हुकूम आहे, ज्या घरानं चर्चला मूर्ती दिली त्यानं ती संध्याकाळच्या आत न्यावी, नाही तर सरपण. मी हातगाडी आणलीय. पिठाची पोती उतरवून आणलीय.

रेगुला : पोती कुठे उतरवलीत?

हाइनी : अंगणात.

रेगुला : कोंबड्यांपुढे? झालं! उद्या पाव कशाचे करणार आहात, अंड्यांचे?

हाइनी : तू विषय बदलू नकोस.

रेगुला : मग ऐका तर. सासूबाई घरी आठवडाभर बोलायच्या ते बोलायच्याच. रविवारी इथे यावं, गुडघे टेकावेत, मान वर करावी, तर समोर पुन्हा सासूबाई! प्रार्थना करू की रश्शात मीठ जास्त पडलं म्हणून माफी मागू, काही कळायचं नाही मला.

हाइनी : म्हणून तो नवा उपदेशक तुला एवढा पटला होय! अख्खं गाव अजून डोकं खाजवतंय आणि तू पहिल्याच प्रवचनाला मान डोलवत होतीस.

रेगुला : मूर्तीपुढे गुडघे टेकू नका म्हणाला. त्याच्या तोंडात साखर पडो.

हाइनी : हे बघ, योस मास्तर आले. ज्यांनी घडवली त्यांनाच विचार, जाळायची का ते.

रेगुला : विचारतेच. मास्तर, तुम्हीच हे सगळं करून ठेवलंत. इटलीला गेलात ते गेलात, येताना हे खूळ कशाला आणलंत? म्हणे संतांना खऱ्या माणसांचे चेहरे हवेत! आणि खरी माणसं आमच्याच घरात सापडली?

योस : तिकडे सगळेच तसं करतात, वहिनी. भाजीवालीची मारिया करतात, न्हाव्याचा संत पीटर. साध्या माणसाचा चेहरा हीच देवाची सगळ्यात मोठी कारागिरी, असं म्हणतात ते.

रेगुला : त्यांना काय जातंय म्हणायला! ती भाजीवाली त्यांची सासू नव्हती.

हाइनी : हल्ली काय घडवताय, मास्तर?

योस : चमचे. लोण्याचे साचे. मूर्तींचं काम गेलं, पण हात ऐकतात कुठे! काल एका चमच्याच्या दांड्याला आपोआप दाढी फुटली. गिऱ्हाईक म्हणालं, हा संत पीटर दिसतोय, नको रे बाबा, घरावर धाड पडेल.

हाइनी : इथला रखवालदार मला काय म्हणाला ठाऊक आहे? तू पाववाला, तुझी स्वतःची भट्टी आहे, तूच ने जाळायला. आईवर पाव भाजू मी?

रेगुला : मुळीच भाजू नका. हे लाकूड नरम, भसकन जळून जाईल न् पाव राहतील कच्चे. सासूबाईंना कच्चा पाव चालायचा नाही.

हाइनी : बघ! तूच म्हणालीस, सासूबाईंना!

रेगुला : जिभेची सवय आहे.

योस : काय ते लवकर ठरवा. भट्टीवाल्यांची गाडी दाराशी आलीय. आणि न्यायची असेल तरी हा मखमली झगा आधी उतरवा, कापड गरिबांना द्यायचा हुकूम आहे.

रेगुला : उतरवा, उतरवा, माझ्याच हातचा आहे. दर वर्षी डोळे फोडून मी नवा शिवायचा आणि अंगावर घालायचा मान सासूबाईंचा. मला जवळसुद्धा फिरकू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, तुझे हात थंड आहेत. लाकडाला!

(हाइनी झगा उतरवतो. ॲनाच्या मांडीवर बसलेली छोटी मूर्ती उघडी पडते.)

रेगुला : मांडीवर ही कोण?

योस : ॲनाची लेक. लहानपणीची मारिया, येशूची आई.

रेगुला : ते कळलं. पण हनुवटीवरची खळी कुणाची?

हाइनी : रेगुला, ही तर तू! नवी नवरी होतीस तेव्हाची! मास्तर, मला कसं माहीत नाही हे?

योस : मूर्ती इथे आली तीच झगा घालून. तुझ्या आईनं स्वतः घातला. वहिनी, लग्नानंतर तुम्ही रुसून राप्परस्विलला माहेरी गेला होतात, आठवतंय? तेव्हाच आल्या त्या माझ्याकडे. म्हणाल्या, माझ्या मांडीवर आमची सून बसव. मी म्हटलं, त्यांना सांगू का? तर म्हणाल्या, खबरदार! डोक्यावर बसेल.

हाइनी : आणि आईच्या मुठीत हे काय? दोरी?

योस : वहिनींची वेणी. म्हणाल्या, एकदा पळालीय, पुन्हा पळेल, धरून ठेवलेली बरी.

रेगुला : बघा! बघा! माझे केस ओढतायत! भर चर्चमध्ये, देवाच्या समोर!

योस : ओढत नाहीत, वहिनी. नीट बघा, मूठ सैल आहे. मी घट्ट करायला निघालो तर रागावल्या माझ्यावर. म्हणाल्या, दुखेल तिला.

रेगुला : ...मग एकदा तरी बोलायचं होतं. शेवटच्या दुखण्यात मी त्यांचे गुडघे चोळत बसायचे. तेव्हाही काय, तर तुझ्या हातात जोर नाही. मला वाटायचं, मी जीव दिला तरी या बाईला मी आवडायची नाही. फार लागायचं हो मनाला.

हाइनी : मलाही कधी बोलली नाही गं. पाव बिघडला तेवढं सांगायची.

योस : गाडीवाले आत येतायत.

रेगुला : येऊ देत. हातबित लावा म्हणावं, मग दाखवते. पण हे बघा, मेणबत्ती नाही, नवस नाही, कुणी गुडघे टेकायचे नाहीत. उपदेशकाचं खरंच आहे. देव जिथे आहे तिथे आहे, या नुसत्या सासूबाई.

हाइनी : बरं. कोठीत ठेवू?

रेगुला : कोठीत उंदीर आहेत!

हाइनी : मग स्वयंपाकघरात?

रेगुला : माझ्या चुलीवर नजर? जमायचं नाही. खिडकीपाशी ठेवा. रस्त्यानं कोण आलं, कोण गेलं हे दिसल्याशिवाय करमायचं नाही त्यांना. आणि ही माझी शाल घ्या, गुंडाळा. तळ्यावरून वारं सुटलंय.

योस : वहिनी, लाकूड आहे ते.

रेगुला : ठाऊक आहे मला. तुम्ही पायांकडून धरा, मास्तर. अहो, पुढे पायऱ्या आहेत, सावकाश. गुडघे दुखतात त्यांचे.